बेचाळिसावं घर

राई गावच्या गावदेवीच्या देवळामागे एक खोली आहे, आणि यंदाच्या फाल्गुनापर्यंत त्या खोलीत २०१९ साल चालू होतं. ते चालू ठेवण्याची जबाबदारी अमृत भोईर यांच्याकडे होती.

अमृतकाकांचं वय सदुसष्ट. वडील मिठागरात राबले. काका पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले म्हणून लागले आणि चावीवाले म्हणूनच निवृत्त झाले. हातात टी-आकाराची लोखंडी चावी, मनगटावर घड्याळ, आणि रस्त्यातलं झाकण उघडून एकेका गल्लीचं पाणी सोडायचं. सगळ्या गल्ल्यांना सारखी मिनिटं. सख्खी बहीण मंदा गावातच दिलेली, तिच्याकडे लग्नघर होतं तेव्हासुद्धा त्यांनी एक मिनिट जास्त सोडलं नाही. मंदाआत्या त्यानंतर आठ महिने भावाशी बोलली नव्हती. नवव्या महिन्यात बोलली तेव्हाही पहिलं वाक्य होतं, "पानी कमी येतंय."

हे सगळं मला मंदाआत्याच्या मुलीनं, विनितानं सांगितलं. आम्ही दोघी मीरा रोडला एकाच कंपनीत आहोत. ती कस्टमर सपोर्टला, मी टेस्टिंगला. लोकांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम.

राईच्या गावदेवीची पालखी चैत्रात निघते. गावात जुनी बेचाळीस घरं. पालखी सगळ्यांच्या दारावरून जाते, पण दुपारी एकाच घराच्या ओट्यावर विसावते. त्याला बैठक म्हणतात. बैठक कोणाकडे, यावरून २००८ साली इतकं वाजलं की पालखी तीन तास तिठ्यावर उभी राहिली. भोई खांदे बदलत राहिले आणि दोन्हीकडची माणसं देवीसमोर एकमेकांच्या आजोबांचे उद्धार करत राहिली. त्याआधी चिठ्ठ्या टाकून बघितल्या होत्या. पण चिठ्ठी उचलणाऱ्याला हात असतो आणि हाताला नातेवाईक असतात, असं गावाचं मत पडलं.

तेव्हा अमृतकाकांचा मुलगा प्रणय भाईंदरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मल्टिमीडियाचा कोर्स करत होता. त्यानं प्रोजेक्ट म्हणून एक चाक केलं. कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायचा, बटण दाबायचं, बेचाळीस घरांचं रंगीत चाक टकटक करत फिरायचं, हळू हळू थांबायचं, आणि काट्याखाली ज्याचं नाव येईल त्याच्यावर फुलं पडायची. हे सगळं ब्राउझरला वरून जोडलेल्या एका प्लगइनवर चालायचं. त्या काळी निम्मं इंटरनेट त्याच प्लगइनवर नाचत होतं. नावांची यादी काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून मुलाला दिली. राईत रीत अशी, की यादी जो लिहितो त्यानं आपलं घर शेवटी लिहायचं. मग ती लग्नाच्या आमंत्रणाची असो की पंगतीला वाढप्यांची. त्याप्रमाणे बेचाळिसावं घर भोईरांचं.

चाकाला हात नव्हते, म्हणून ते गावाला पटलं. करोनाची दोन वर्षं सोडली तर २००९ पासून चौदा वेळा चाक फिरलं. बबन म्हात्रे देवस्थानचे अध्यक्ष. त्यांच्याकडे बैठक दोनदा आली. अमृत भोईरांकडे एकदाही नाही.

गाव टोमणे मारायचं. "काय अमृता, सगल्या गावाला पानी पाजलास, देवीला पाजायचा राहिलास काय?" काका हसायचे. पण चाक फिरून झालं, गर्दी पांगली की ते गाभाऱ्यासमोर जाऊन दोन्ही कान पकडून उभे राहायचे. २००७ साली त्यांनी वडिलांची खाडीकाठची खाजण जमीन बिल्डरला दिली होती. आई नको म्हणत होती. त्या जागी आता सोळा मजले उभे आहेत. देवी त्यासाठी रुसली, हे काकांच्या मनानं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घेतलं होतं. त्यांची बायको आनंदीकाकू दर चैत्रात ओटा सारवायची, रांगोळीची जागा सोडून ठेवायची, आणि दुपारी त्याच ओट्यावर बसून मुकाट्यानं लसूण सोलायची.

पुढं त्या प्लगइनचे दिवस भरले. ज्यांनी बनवलं त्यांनीच जाहीर केलं की अमुक तारखेनंतर हे चालणार नाही. जगात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. राईत मात्र करोनानंतरच्या पहिल्याच जत्रेला चाक फिरेना. तेव्हा विनिता गमतीनं म्हणाली, "मामा, त्याला तारीख कळली नाही तर ते चालेल."

काकांनी ती गंमत अंमलात आणली. इंटरनेटची वायर काढली आणि कॉम्प्युटरचं घड्याळ २०१९ वर नेऊन ठेवलं. ते पुढं सरकत सरकत मुदतीच्या जवळ आलं, की पुन्हा मागे. एका खोलीला तेच साल परत परत पाजायचं, हे चावीवाल्याला अवघड नव्हतं. अडचण एकच, की देवळाच्या हॉलच्या पावत्याही त्याच कॉम्प्युटरवर निघायच्या. २०२३ साली लग्न झालेल्या एका जोडप्याला हॉलची पावती २०१९ ची मिळाली. नोंदणीला गेल्यावर त्यावरच्या तारखेप्रमाणे नवरी सोळा वर्षांची निघाली. काका स्वतः त्यांच्याबरोबर गेले आणि साहेबांना शांतपणे म्हणाले, "साहेब, पोरगी बरोबर हाय, साल चुकीचा हाय."

यंदा फाल्गुनात बबन म्हात्र्यांनी क्रिकेटची मॅच बघायला म्हणून त्या कॉम्प्युटरला मोबाइलचं नेट जोडलं. कॉम्प्युटर दुपारभर निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसला आणि संध्याकाळी उठला तो २०२५ मध्ये. ऑपरेटिंग सिस्टीमनं स्वतःला ताजं करून घेतलं होतं, घड्याळ दुरुस्त केलं होतं आणि ते प्लगइन मुळापासून उपटून टाकलं होतं.

रविवारी समाजमंदिरात सभा झाली. विषय एकच: ऑपरेटिंग सिस्टीमनं प्लगइन चालू ठेवावं की न ठेवावं.

"घर आपला, कंपुटर आपला, लाईट आपली," मंदाआत्या उभी राहिली. "मंग आतली वस्तू न इचारता नेली कोनी?"

"आई, नेली नाही, काढून टाकली," विनिता म्हणाली. "जुनी झालीय. तिच्यातून चोर शिरतात."

"त्या खोलीत? त्या खोलीत चोरायला हाय काय? सतरंज्या!"

अमृतकाका उठले. "खाडीकडचा व्हॉल्व्ह माझ्या जन्माच्या आधीचा. नवी लाइन पडली तरी तो काढला न्हाय, कारन त्याच्यावर अकरा घरं होती. अकरा घरांसाठी पालिका थांबली. यांना बेचाळीस घरांसाठी थांबता येत न्हाय?"

"मामा, त्यांच्याकडं बेचाळीस नाही, करोडो घरं आहेत."

"मंग तर थांबायलाच पायजे."

"आणि त्या जुन्या व्हॉल्व्हमधून सगळ्या गावाच्या पाण्यात गटार मिसळत असेल तर?"

पाण्याच्या बाबतीत काका खोटं बोलू शकत नव्हते. मग म्हणाले, "तर बंदच करायचा. पन आधी नोटीस द्यायची. घरोघर."

"तीन वर्षं देत होते ना नोटीस! शेवटची तर २०२० च्या डिसेंबरात दिली."

"त्या खोलीत डिसेंबर २०२० आलाच कुठं?" काका म्हणाले. "मी येऊ दिला न्हाय."

यावर सभेत टाळ्या पडल्या. विनितानं फोनवर एक फुकटचं चाकाचं ॲप काढून दाखवलं. ते फिरता फिरता मध्येच थांबलं आणि पडद्यावर बनियनची जाहिरात आली. मंदाआत्यानं पदर तोंडाला लावला. "कौलाच्या मधी उघडा बाप्या? ठेव तो फोन आत." आणि ॲपचा विषय तिथंच संपला.

ठराव असा झाला: "ऑपरेटिंग सिस्टीम यांनी सदर प्लगइन जत्रेपर्यंत पूर्ववत चालू ठेवावे व तदनंतर ग्रामस्थांशी चर्चा करून पुढील निर्णय घ्यावा. सूचक श्री. अमृत भोईर, अनुमोदक सौ. मंदा पाटील." विनिता तटस्थ राहिली.

आता ठराव पाठवायचा कुठं? ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ता नव्हता. शोधता शोधता तिच्यातच अभिप्राय लिहायची एक चौकट सापडली. तिच्यात पाचशेच अक्षरं मावत होती, म्हणून सह्या करणाऱ्यांतली काही नावं गाळावी लागली, आणि कोणाची गाळायची यावरून पाऊण तास गेला. शेवटी चौकटीनं एक चेहरा निवडायला सांगितलं: हसरा, मधला की रागावलेला. गाव रागावलेलं होतं. पण बबन म्हात्रे म्हणाले, "लगेच वाकडं कशाला घ्यायचं? आपलं काम हाय त्यांच्याकडं." मधला चेहरा निवडला गेला.

दुसऱ्याच क्षणी उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

बबन म्हात्र्यांनी देवळासमोर फटाक्यांची माळ लावली.

त्यानंतर अमृतकाका रोज सकाळी आंघोळ करून त्या खोलीत जाऊन बसायचे. चाकाचं पान उघडायचे. पान पांढरं यायचं. "आज उद्यात करतील," असं म्हणून ते नऊ वाजता बाहेर यायचे. आठवडाभर हे बघितल्यावर विनिता माझ्या टेबलाशी आली. "संध्या, शनिवारी राईला चल. मामा एका कॉम्प्युटरची वाट बघत बसलाय."

मी गेले. काम तसं लहान होतं. प्लगइन मेलं तरी त्या जातीच्या फाइली चालवून दाखवणारं एक सॉफ्टवेअर लोकांनी हौसेनं बनवून ठेवलं आहे. ते टाकलं, प्रणयची जुनी फाइल त्यात उघडली, आणि चाक टकटक करत फिरलं. काकांनी चपला काढून हात जोडले.

"त्यांनी ठराव मान्य केला म्हन."

"नाही काका, हे दुसरंच आहे. त्यांनी नाही केला."

"करतील. आपन मधला चेहरा दिलाय."

तिथं मी चहा पिऊन निघाले असते तर काहीच झालं नसतं. पण तपासल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, ही कामाची सवय. मी आवाज बंद केला आणि आपोआप बटण दाबणारी चार ओळींची आज्ञा लिहिली. फिरण्याचं चित्र वगळून चाक दहा हजार वेळा फिरवलं. आनंदीकाकूनं चहा केला, आम्ही प्यालो, तोवर तक्ता तयार झाला. एकेका घराचं नाव सुमारे दोनशे चव्वेचाळीस वेळा आलं होतं, थोडं इकडे तिकडे. म्हात्रे दोनशे एक्कावन्न. पाटील दोनशे एकोणचाळीस. भोईर शून्य.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा शून्य. मग मूळ फाइल उघडली आणि ती ओळ सापडली. आमच्या धंद्यातली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत साधी चूक. कोर्सच्या दुसऱ्या महिन्यात प्रत्येक पोरगा ती करतो.

"काका, बसा जरा," मी म्हटलं. "चाकावर घरं बेचाळीस दिसतात. पण नाव काढताना ते एकापासून एक्केचाळीसपर्यंतच मोजतं. यादी केवढीही असो, शेवटचं घर चित्रात असतं, मोजणीत नसतं."

"शेवटचं म्हंजे?"

"म्हणजे तुमचं."

काकांनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं. "हे तुला कसा कललं?"

"दहा हजार वेळा फिरवून बघितलं."

"दहा हजार?" आनंदीकाकूच्या हातातली बशी वाजली. "देवीला दहा हजार वेळा इचारलंस? अगो, ती काय नोकर हाय?"

"देवीला नाही विचारलं काकू, नुसतं मशीनला."

"मंग इतकी वर्षं आमी कोनाला इचारत होतो?"

काका त्या प्रश्नापर्यंत पोचलेच नव्हते. ते अजून मागच्याच वाक्यात होते. "म्हंजे तिनं न्हाय म्हटलं न्हाय," ते सावकाश म्हणाले. "तिला माझा नावच कोनी सांगितला न्हाय."

"नाही सांगितलं."

"खाजणाचा काय न्हाय?"

"खाजणाचं मला माहीत नाही काका. पण या फाइलीत खाजण नाही."

काका हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं. "चौदा वर्षं कान पकडून उभा राहिलो गो मी. चौदा वर्षं! तिला वाटत असंल, हा कोन येतो दर साली, आणि कशाची माफी मागतो?"

काकूनं लगेच मस्कतला नोकरीला असलेल्या प्रणयला व्हिडिओ कॉल लावला. तो डोक्यावर हेल्मेट घालून कुठल्याशा टाकीवर उभा होता. सगळं ऐकून म्हणाला, "आई, त्या प्रोजेक्टला मला साठ टक्के पडलेले. तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. उरलेले चाळीस कशाचे, ते कुणी विचारलं का?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "दोन मिनिटांचं काम आहे. दुरुस्त करते."

"थांब," काका म्हणाले. पाणी सोडण्याआधी हात वर करायचे तसा त्यांनी हात वर केला. "दुरुस्त केलंस आणि यंदा माझा आला तर? बबन म्हनेल, भाचीची मैत्रीन आनली आणि नाव काढून घेतलं. आणि गावाला खरं सांगितलं तर चौदा बैठकी खोट्या पडतील. कोनाच्या घरी देवी बसून गेली, त्याला मी सांगू, ती माझ्या पोराच्या चुकीनं आली? चाकात बोट घालायचं न्हाय. हाय तसंच पायजे."

"मग तुमचं नाव कधीच येणार नाही."

काका उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला. "यादी नव्यानं लिहायची. तू लिही."

मी लिहायला घेतली. बेचाळीस नावं झाली, भोईर शेवटी. मी पेन खाली ठेवलं.

"अजून एक," काका म्हणाले. "यादी लिहिनाऱ्याचं घर शेवटी. रीत हाय."

मला कळायला एक क्षण लागला. "काका, आम्ही मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे. आमच्याकडे देवी नसते."

"म्हनून तर! तुझ्याकडं कवाच येनार न्हाय, आणि तुला वाईट पन वाटनार न्हाय. त्या चुकीला दर साली एक घर लागतं खायला. तुझं खाऊ दे."

चूक माहीत असून ती तशीच ठेवायची, हे माझ्या हातून कधी झालं नव्हतं. ऑफिसात असं केलं असतं तर त्याची नोंद करावी लागली असती. इथं नोंद म्हणजे कागदावरची शेवटची ओळ: त्रेचाळीस, संध्या सोनकांबळे, मीरा रोड.

सभेत बबन म्हात्र्यांनी अर्थातच हरकत घेतली. "चाक हिनं चालू केलं, मान्य. पन हिचा नाव आला तर पालखी मीरा रोडला न्यायची? गोल्डन नेस्टच्या सिग्नलवरून? आणि लिफ्ट?"

"मोजून बघू," काका म्हणाले. "पालखी लिफ्टमधी मावली न्हाय तर दांडे काढू."

"दांडे काढलेली पालखी म्हंजे खोका!"

"तवा बघू. आधी येऊ तर दे."

दोन माणसं खरंच मोजपट्टी घेऊन आमच्या बिल्डिंगला येऊन गेली. माझ्या बाबांनी त्यांना सरबत दिलं आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं पालखीसाठी पार्किंगचा अर्ज भरून घेतला.

जत्रेच्या सकाळी पडदा बांधून चाक देवळासमोर लावलं. काकांनी पांढरा शर्ट घातला होता. ओटा सारवून झाला होता, पण तो तर दरवर्षीच व्हायचा. या वर्षी वेगळं एवढंच, की काका मागं खांबाशी न थांबता सगळ्यांत पुढं, लहान पोरांच्या रांगेत येऊन बसले होते. बटण मंदाआत्यानं दाबलं. चाक फिरलं. काका प्रत्येक नावाबरोबर मान डोलवत होते. चाक मंदावलं. पाटील गेलं, ठाकूर गेलं, भोईर काट्याखाली आलं, आणि एक टक होऊन पुढं सरकलं. माझ्या नावावरून गेलं. त्याच्या पुढं यादीतलं पहिलं घर. तिथं थांबलं. म्हात्र्यांवर फुलं पडली.

तिसऱ्यांदा. बबन म्हात्र्यांच्या घरच्या बायका धावत सुटल्या, कारण त्यांच्या ओट्यावर मोटारसायकली उभ्या होत्या.

आणि अमृत भोईर उठून नाचत होते. वाजंत्री अजून सुरू झाली नव्हती, तरी दोन्ही हात वर करून. मी आनंदीकाकूकडे बघितलं. ती पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती.

"अमृता!" बबन म्हात्रे गर्दीतून ओरडले. "डोकं फिरलं काय तुझं? आला माझा, नाचतोस तू?"

"यंदा माझा येत होता रं!" काका नाचता नाचताच म्हणाले. "बबन्या, आई शपथ, यंदा माझा येत होता!"

"पन आला कुठं?"

"न्हाय आला!" काका म्हणाले, आणि बबन म्हात्र्यांच्या गळ्यात हात टाकून त्यांनाच फेर धरायला लावला.